पुलाखालचा माणूस

फान शौरेन मेस्त्री चिंगशी नदीच्या मधोमध, गुडघाभर पाण्यातून वर आलेल्या एका खडकावर बसला होता. त्याच्या डोक्यावर लिआओ देछुआनने बांधलेला पूल होता. हा पूल पडावा अशी त्याची मनापासून इच्छा होती, आणि ही गोष्ट दोन्ही काठांवर जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. म्हणून तर त्याला तिथे बसवलं होतं.

त्या खोऱ्यांतली रीतच तशी. पेकिंगमधला राजा गेला, लोकांच्या वेण्या कापल्या गेल्या, पण लाकडी कमानीच्या पुलाची परीक्षा कशी घ्यायची याबद्दल कुणी कुणाला विचारायला गेलं नाही. सांगाडा उभा राहिला, फळ्या पडल्या, की वरचं लाकडी घर आणि कौलं चढवण्याआधी खालची परांची काढायची. मग घर-कौलांचं जे वजन पुढे येणार, तेवढे नदीतले दगड दोन्ही काठांनी आपापल्या अर्ध्या भागावर आणून ठेवायचे. बांधणारा मेस्त्री कमानीच्या माथ्यावर, ऐन मधोमध, स्टुलावर बसतो. आणि ज्याने त्या पुलाच्या विरोधात चारचौघांत शब्द टाकला असेल, त्याला खाली बसवतात. पडला तर दोघेही जातील. जो वाईट बोलला त्याच्यापेक्षा बारीक नजरेने कोण बघणार, असा त्यातला हिशेब.

फान मेस्त्रीने शब्द टाकला होता, आणि तोही काम कुणाला द्यायचं ते ठरवायच्या भरल्या जेवणात. "एवढ्या रुंद पात्रावर इतकी बुटकी कमान उभी राहत नाही. मध्ये दगडी खांब पाहिजे. खांबाशिवाय बांधेल त्याने आधी स्वतःची शवपेटी बांधून घ्यावी." लिआओ म्हणाला होता, "खांब पुरात आडवा येतो. मी बांधतो." आणि काम लिआओला मिळालं. हाच लिआओ पोरवयात फानच्या वडिलांच्या हाताखाली शिकला होता, ही गोष्ट फानला भातात खडा लागावा तशी लागत होती.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. फानच्या स्वतःच्या खोऱ्यात, बाइशीच्या घळीवर, पुढच्या वर्षी पूल बांधायचा होता. तिथल्या म्हाताऱ्यांनी साफ सांगितलं होतं: लिआओचा हा पूल उभा राहिला तर बाइशीचं कामही त्यालाच. पडला तर नेहमीप्रमाणे फानकडे. फानच्या घरात तीन पिढ्या पुलांवर जेवल्या होत्या. बाइशीचं काम गेलं की त्याच्या घराण्याकडे बनवायला उरणार होती ती कपाटं, पेट्या आणि डुकरांचे गोठे.

खडकावर त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा रोंगगुइ बसला होता. बाइशीच्या लोकांनी त्याला निकाल ऐकून यायला पाठवलं होतं. मेहुण्याने चहाचं भांडं, मीठ लावलेले बांबूचे कोंब आणि आपली न थांबणारी जीभ सोबत आणली होती.

"दाजी, परांची निघाली तेव्हा मला वाटलं आत्ता येतोय खाली," तो म्हणाला.

"मलाही वाटलं."

"मग आला का नाही?"

"आला नाही म्हणून आला नाही. गप्प बस आणि ओळंबा बघ."

माथ्यावरच्या आडव्या तुळईतून एक लांब दोरी खाली सोडलेली होती, तिला शिशाचा ओळंबा. ओळंब्याच्या टोकाखाली एक सपाट दगड पक्का बसवलेला, आणि त्या दगडावर शेंदरी रंगाचं कडं काढलेलं. ओळंबा कड्याच्या आत राहिला तर पूल चांगला. कड्याबाहेर गेला की खालच्या माणसाने थाळी वाजवायची. एकदा ती वाजली की निकाल लागला: सांगाडा उतरवायचा, लाकूड परत द्यायचं, आणि आढ्याच्या तुळईवर मेस्त्रीचं नाव लिहायचं नाही. मध्ये खालच्या माणसाने काठावरच्या किंवा पुलावरच्या कुणाशी बोलायचं नाही. त्याचं बोलणं फक्त थाळीतून.

फान तळहाताएवढी काशाची थाळी मांडीवर घेऊन बसला होता.

वर पहिल्या टोपल्या येऊ लागल्या. एका काठावर शांगदू गाव, चेंग कुळाचं: भाताची कोठारं, तेलघाणे, पांढऱ्या भिंतींचं कुलदैवताचं देऊळ. दुसऱ्या काठावर लेइ लोकांची वाडी. डोंगरउतारावरची चहाची रोपं, कोळशाच्या भट्ट्या आणि चेंगांकडून उसना घेतलेला भात, एवढाच तिचा संसार. तिथले निम्मे पुरुष कोळसा घेऊन खाली बाजाराला गेले होते. दोन्ही काठांवर एकेक माणूस मोजणीच्या बांबूच्या कांबी घेऊन उभा होता. शांगदूची एक टोपली पुलावर गेली की लेइवाडीची एक जायची, मगच पुढची. कांबीला कांब, टोपलीला टोपली.

लाकूड कुरकुरायला लागलं. रोंगगुइने मान खांद्यात घातली.

"हे काय?"

"बसतंय," फान म्हणाला. "नवं लाकूड एकमेकांत बसतंय. प्रत्येक पूल कुरकुरतो. जो कुरकुरत नाही त्याच्याखाली मी थांबत नाही."

आणि तो बघू लागला. बघायलाच तर आला होता. पहिला तासभर त्याने दोष शोधला, आणि तो मोठ्या आनंदाने शोधला. काठापासून माथ्यापर्यंत जाड देवदाराचे ओंडके, त्यांचा एक थर तीन तुकड्यांत वळलेला, दुसरा पाच तुकड्यांत, आणि दोन्ही थर एकमेकांत असे विणलेले की एकाला खाली जायचं म्हटलं तर दुसऱ्याला उचलावं लागतं. हे तर तोही करायचा, त्याचे वडीलही करायचे. पण वडिलांची कमान उंच असायची, बैलाच्या पाठीसारखी. लिआओने ती इतकी खाली आणली होती की लेइवाडीची म्हातारी चहाची पाटी डोक्यावर घेऊन न थांबता चढली असती. एवढी सपाट कमान काठाला किती जोराने ढकलते हे फानला माहीत होतं. काठ सरकायला हवा होता. त्याने काठाकडे पाहिलं. ओंडक्यांची टोकं कातळातच खोदलेल्या खोबणीत बसवली होती, आणि खोबणीच्या पाठीमागे दगडी बांध आणखी एका उतरत्या बांधाला टेकवला होता. काठ काही सरकत नव्हता.

फानने बांबूचा कोंब तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"काय दाजी, कुठे आहे दोष?"

"थांब, अजून निम्मंही वजन पडलेलं नाही."

ओळंबा जरा खाली आला होता, भाताच्या एका दाण्याएवढा. फानचे स्वतःचे पूल पहिल्या वजनात याहून जास्त बसायचे. हे त्याने मेहुण्याला सांगितलं नाही.

ऊन पाण्यावर आलं तेव्हा दोन तृतीयांश दगड वर पोचले होते, आणि ओळंबा हलला. या वेळी तो खाली सरकला नव्हता, बाजूला गेला होता, लेइवाडीच्या काठाकडे, केसभर. फानने डोळे बारीक केले. वारा नव्हता. पुढच्या टोपलीनंतर तो आणखी केसभर सरकला.

फानने थाळीची दोरी मनगटाला गुंडाळली.

"सरकतोय ना?" रोंगगुइ कुजबुजला. "दाजी, सरकतोय. मी म्हटलं नव्हतं? बाइशीचं काम आपलंच. ताईला सांगतो, आज कोंबडा कापायला."

फान उठला आणि पाण्यात उतरला. लेइवाडीच्या बाजूला, कमानीच्या खांद्यापाशी, जिथे तिरका ओंडका आडव्या तुळईत शिरतो तिथे, एक उजेडाची फट दिसत होती. सकाळी ती नव्हती. तो तिच्या थेट खाली जाऊन मान वर करून उभा राहिला. सांधा उघडतोय. म्हणजे खाच सैल कापलीय. त्याला आठवलं, वडील म्हणायचे की देछुआनचा हात घाईचा आहे.

पण फट जितकी निरखावी तितकं त्याचं मन खट्टू होऊ लागलं. खाच सैल नव्हतीच. तिच्या कडा रंध्याने नव्हे, पटाशीने साफ केलेल्या होत्या, आणि इतक्या सरळ की तिथे केस ओढला असता तर अडकला नसता. ओंडका त्या खाचेतून निघत नव्हता. पूर्ण खांदाच वर उचलला गेला होता. खांदा वर कधी उचलला जातो? पलीकडचा दबतो तेव्हा.

तो वळला आणि शांगदूच्या काठाकडे पाहू लागला. चेंगांचे गडी नदीकाठी दगड भरत होते. दोघे दोघे मिळून एकेक टोपली काठीवर टांगून नेत होते, आणि काठी मध्ये वाकत होती. मग त्याने लेइवाडीकडे पाहिलं. तिथे एकेक माणूस एकेक टोपली पाठीवर घेऊन चढत होता. कांबी दोन्हीकडे बरोबर पडत होत्या. शांगदूच्या टोपल्या मात्र नव्या होत्या, अजून हिरव्या, आणि चांगल्या रुंद.

फानला आधी हसूच आलं. या खोऱ्यांत पोरासोरांनाही माहीत होतं, की परीक्षेच्या दिवशी ज्या काठाचं वजन भारी, त्या काठाकडे पूल झुकतो आणि पुढे जन्मभर पुलाची बरकत तिकडेच वाहते. म्हणून तर टोपलीला टोपली मोजायची. चेंग गुआनफूसारख्या मातब्बर कुळप्रमुखाने बरकत आपल्या अंगणात वळवायला टोपल्याच मोठ्या विणून घेतल्या होत्या. एका काठावर भारी झालेली कमान दुसऱ्या काठावरून उडते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

फान परत खडकावर आला. ओळंबा कड्याच्या आतल्या कडेला आला होता.

"काय दिसलं?" रोंगगुइने विचारलं.

"चेंगांच्या टोपल्या मोठ्या आहेत. पुलात दोष नाही."

मेहुण्याने ओळंब्याकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं, मग अगदी हळू बोलला. "दाजी, हे तुम्हाला आणि मला दिसलं. वर कुणाला दिसलेलं नाही. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं. ओळंबा कड्याबाहेर जाईल, तुम्ही थाळी वाजवाल, सगळे खाली उतरतील, कुणाचा केस वाकडा होणार नाही. रीतीप्रमाणे. तुम्हाला कुणी बोट दाखवू शकत नाही."

"आणि हा पूल उतरवतील."

"उतरवू दे. तुमचा आहे का?"

मेहुणा खोटं बोलत नव्हता, हीच मोठी अडचण होती. पुढच्या दोन टोपल्या वर गेल्या तर थाळी वाजवणं हा गुन्हा नव्हता, कर्तव्यच होतं. त्याने वर पाहिलं. फळ्यांच्या फटींतून लिआओच्या स्टुलाचे पाय दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये लिआओच्या गवती चपला. चपला जागच्या हलत नव्हत्या. लिआओलाही कळलं असणार. कमानीच्या माथ्यावर बसलेल्या मेस्त्रीला ती कुठे दुखते हे बसल्या जागी कळतं. पण तो उठला तर तेही नापासच.

आणि फानने पुन्हा एकदा त्या विणलेल्या लाकडाकडे पाहिलं, या वेळी दोष शोधायला नाही. एक खांदा दबलेला, एक उडालेला, आणि तरी ते सगळं एकमेकांना धरून होतं. कमानीच्या पोटात लिआओने कात्रीसारखे दोन आडवे ओंडके टाकले होते. सकाळी फानने ते पाहून नाक मुरडलं होतं, उगीच लाकूड वाया घालवलंय म्हणून. ते आता ताणाने गात होते. त्यांच्याशिवाय हा पूल मघाशीच पाण्यात आला असता, आणि त्याच्याबरोबर फानही. हे दोन ओंडके त्याला कधी सुचले नव्हते. वडिलांनाही नाही. फानला एकदम वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं हे काम केलेल्या माणसालाच तो आनंद कळला असता, आणि तिथे तसे दोघेच होते.

त्याने मनगटावरची दोरी सोडली आणि थाळी मेहुण्याच्या मांडीवर ठेवली.

"दाजी," रोंगगुइ म्हणाला, "दाजी, बसा."

फान पाण्यात उतरला होता. तो शांगदूच्या काठाकडे तोंड करून ओरडला, आणि त्याचा आवाज पाण्यावरून नीट पोचला. "चेंगांनो, टोपल्या खाली ठेवा. आहेत तिथे. एक दगड वर चढवायचा नाही, एक खाली काढायचा नाही. पुलावर जे आहेत त्यांनी हलायचं नाही."

खालचा माणूस बोलला. असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. चेंगांच्या गड्यांनी टोपल्या होत्या तिथेच टेकवल्या. चेंग गुआनफू, रेशमी जाकिटातला जाडजूड म्हातारा, खुर्चीवरून उठला आणि तोंड उघडंच ठेवून उभा राहिला.

फान लेइवाडीच्या बाजूने धापा टाकत काठ चढला. ओल्या विजारीतून पाणी गळत होतं. लाकूड दबायला लागलं की टोपल्या थांबल्या तरी ते लगेच थांबत नाही, हे त्याला माहीत होतं. हलक्या बाजूला वजन हवं होतं, ताबडतोब आणि हळुवार. दगड आदळून चालणार नव्हतं. चेंगांचे दगड इकडे आणायचे तर त्यासाठी आणखी माणसं भारी बाजूवर चढवावी लागली असती. वाडीचे चारसहा पुरुष तर खाली नदीत दगड भरत होते. काठावर उभ्या होत्या त्या बायका, म्हातारी माणसं, आणि पुढे होती लान जिनमेइ, वाडीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरलेली विधवा. अंगावर निळा जाडाभरडा सदरा, केसांत लाल दोरा.

"लान वहिनी," फान म्हणाला, "तुमची सगळी माणसं पुलावर पाहिजेत. अनवाणी. हळू. अर्ध्यापर्यंत जायचं आणि खाली बसायचं."

"बायका?" ती म्हणाली. "पुलावर अजून देव बसला नाही. त्याआधी बाईने पाय ठेवला तर पूल विटाळतो म्हणतात. उद्या काही झालं तर ते आमच्या माथी मारतील."

"आज काही झालं तर उद्या पूलच नाही."

"आणि हे सांगतंय कोण? शवपेटी बांधून घ्या म्हणाला होता तोच ना तुम्ही?"

"तोच मी."

लान वहिनीने त्याला आपादमस्तक पाहिलं. "मग पुढे व्हा. तुम्ही चढलात तर आम्ही चढतो."

फानने चपला काढल्या. जन्मात त्याने किती पुलांवर पाय ठेवला होता, पण असा कधीच नाही. फळी तळपायाखाली थरथरत होती. तो खांद्यावरून पुढे गेला, फटीच्या वर, आणि एकेक पाऊल लहान बाळाला निजवल्यासारखं ठेवत राहिला. त्याच्या मागून लान वहिनी, तिच्या मागे बायका एका ओळीत, पोरं पाठीवर बांधलेली, मग काठ्या टेकत म्हातारे. एकीने आपलं डुक्करही दोरीला धरून आणलं होतं.

"त्याला कशाला?" फानने दबक्या आवाजात विचारलं.

"आमच्यातलं सगळ्यात जड तेच आहे," ती म्हणाली.

माथ्यावरून लिआओचा आवाज आला. तो स्टुलावर तसाच ताठ बसला होता, कुऱ्हाड मांडीवर, मान न वळवता. "येऊ द्या, मेस्त्री. वजनाला बाई-बुवा कळत नाही. अजून थोडं माझ्याकडे. हं. आता बसवा त्यांना."

सगळे बसले. फानही बसला, शेवटच्या जागी, माथ्याला लागून. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. त्याने तळहात फळीवर टेकवले. थरथर होती. मग ती कमी झाली. मग लाकडाने एक लांब, खोल आवाज काढला, दिवसभर ओझं वाहून घरी आलेला माणूस ओट्यावर बसताना काढतो तसा, आणि पूल गप्प झाला.

"रोंगगुइ," फान खाली ओरडला, "ओळंबा कुठे आहे?"

मेहुण्याने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की लान वहिनी म्हणाली, "झोपला की काय तो."

"मध्ये," खालून आवाज आला, अगदी रडवा. "ऐन मध्ये आहे, दाजी."

एक उदबत्ती जळून संपेल एवढा वेळ ते सगळे तिथेच बसले. पोरं रडली, त्यांना पाजलं. डुक्कर झोपलं. मग फानच्या सांगण्यावरून शांगदूच्या टोपल्यांतले जास्तीचे दगड एकेक करून इकडे आणले, आणि जसा दगड येईल तसं एकेक माणूस उठून काठावर गेलं. दुपार कलेपर्यंत उरलेले दगडही चढले आणि दोन्ही भाग दगडांनीच सारखे भारी झाले. ओळंबा हलला नाही.

तेव्हा चेंग गुआनफू पुलाच्या तोंडाशी आला. त्याला वाईट वाटलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण रागावला होता नक्की. "ही परीक्षा धरता येत नाही," तो म्हणाला. "खालचा माणूस बोलला, जागा सोडून वर आला. वर बायका चढल्या. आजचं रद्द. उद्या पुन्हा घ्यायची."

"घ्या ना," लान वहिनी म्हणाली. "पण टोपल्या जुन्या आणा. आम्हाला भात मोजून देताना तुमचं माप केवढंसं असतं, चेंग काका, आणि दगडाला एवढं मोठं कसं झालं?"

शांगदूच्या काठावरसुद्धा कुणीतरी हसलं. चेंग गुआनफूचे कान लाल झाले. पण तो नियमावर बोट ठेवून होता, आणि नियम त्याच्या बाजूने होता. दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी शांगदूचाच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा पुढे झाला. "बरोबर आहे. परीक्षा पुन्हा झाली पाहिजे. फान मेस्त्री, उद्या सकाळी पुन्हा खाली बसाल का?"

फान माथ्याजवळ उभा होता. त्याला खाली, खडकावर, मेहुणा दिसत होता. मेहुणा दोन्ही हातांनी खुणा करत होता: हो म्हणा, हो म्हणा. उद्या म्हणजे आणखी एक संधी. उद्या वारा असेल, दगड ओले असतील, काहीही होऊ शकेल.

"मला बसता येणार नाही," फान म्हणाला.

"का?"

"खाली तोच बसतो ज्याचा विरोधात शब्द आहे. माझा होता. आता नाही."

त्याने हे मोठ्याने सांगितलं, जेवणात बोलला होता त्याहून मोठ्याने, म्हणजे तेव्हा ऐकलेल्या सगळ्यांना आताही ऐकू जावं.

पांढऱ्या दाढीने मान हलवली. मग तो रीतीप्रमाणे आधी एका काठाकडे वळला, मग दुसऱ्याकडे. "या पुलाच्या विरोधात ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. उद्या त्याला खाली बसवू."

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. म्हाताऱ्याने चेंग गुआनफूकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "तुम्ही, गुआनफू? तुमचा आहे का शब्द?"

चेंग गुआनफूने वर कमानीकडे पाहिलं, मग खाली त्या खडकाकडे. पाणी खडकावर आपटून फुटत होतं. त्याने जाकीट खाली ओढलं.

"माझं पुलाबद्दल काही म्हणणं नाही," तो म्हणाला.

"आणखी कुणी?"

कुणी नव्हतं. म्हाताऱ्याने काठावर तयार ठेवलेल्या आढ्याच्या तुळईकडे हात केला आणि शाईचं भांडं आणायला सांगितलं. ज्याच्या विरोधात दोन खोऱ्यांत कुणी बोलायला मिळत नाही, त्या पुलाची परीक्षा घ्यायची वेळ त्याच्या आठवणीत कधी आली नव्हती. पण नाव लिहायला हरकत नाही, एवढं त्याला समजत होतं.

लिआओ स्टुलावरून उठायला गेला आणि त्याचे पाय उठले नाहीत. सकाळपासून तो हलला नव्हता. फानने काखेत हात घालून त्याला उभा केला. तरुण नव्हता आता तोही. वजनाने हलका, आणि घामाने भिजून चिंब झालेला. ऊन तर एवढं नव्हतं.

"ओळंबा किती गेला होता?" लिआओने हळूच विचारलं.

"कड्याच्या रेघेवर."

"तुम्ही वाजवाल म्हणून मी वाट बघत होतो, मेस्त्री."

"मीही," फान म्हणाला. "ते कात्रीचे दोन ओंडके कुठून सुचले तुला?"

"एक पूल पाडून बसलो होतो. लांब, दुसऱ्या प्रांतात. इथे कुणाला सांगितलं नाही."

फानने मान डोलवली. लिआओने पाय झटकले, फानचा खांदा धरला, आणि खाली लोकांत गेला. तिथे लान वहिनी चिकट भाताचे गोळे वाटत होती आणि चेंगांच्या गड्यांना मुद्दाम छोटे देत होती.

संध्याकाळी फान आणि रोंगगुइ बाइशीकडे परत निघाले. मेहुणा कोसभर काही बोलला नाही, आणि त्याच्यासाठी ते फार झालं. मग त्याला राहवलं नाही.

"दाजी, मी तिथे जाऊन सांगू काय? ते वाटेवरच उभे असतील."

"पूल उभा आहे म्हणून सांग."

"आणि आपल्या घळीचं काम?"

फान चालत राहिला. उतरणीवर त्याचे गुडघे दुखत होते. घरी गेल्यावर बायकोला सांगावं लागणार होतं, आणि ती काय म्हणेल हे त्याला शब्दन् शब्द माहीत होतं.

"लिआओला बोलवा म्हणावं," तो म्हणाला. "त्याच्यापेक्षा चांगलं बांधणारा मी पाहिलेला नाही. आणि ओंडक्यावर रेघ मारताना शाईची दोरी धरायला एक म्हातारा लागेल का, तेही त्याला विचारायला सांग."

रोंगगुइ वाटेतच थांबला. फान त्याच्यासाठी थांबला नाही.